सराईतली जास्तीची खोली

आमच्या भावजयीला मी भिंगवाली म्हणते. तोंडावर नाही, मनात. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून ती काचा घासते आणि फ्रेमच्या मापाला आणते. संध्याकाळी घरी येते तेव्हा तिच्या बाह्यांना पांढरी पूड लागलेली असते, आणि ती पूड घेऊनच बाईसाहेब सोफ्यावर टेकतात. समोर कुणाचाही चष्मा दिसला की तिचे हात शिवशिवतात. माझ्या नाकावरचा चष्मासुद्धा न विचारता काढून घेते, फुंकर मारते, खिशातल्या मऊ फडक्याने पुसते आणि परत चढवते. वर विचारते, "आता कसं दिसतंय ताई?" चांगलं दिसतंय, बाई. नको तेवढं दिसतंय.

माणूस म्हणून तिच्यात नाव ठेवायला जागा नाही, हीच तर पंचाईत आहे. कमी बोलते. सावकाश जेवते. भांडण उकरून काढावं तर "बरं ताई" म्हणून मोकळी होते. माझा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो, तो दिवसभर वरखाली करून थकून येतो आणि टीव्हीसमोर झोपतो. ती त्याच्या अंगावर पांघरूण घालते आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसते. तिच्याविषयी एवढंच सांगण्यासारखं होतं, आणि तेवढ्यावर आमचं बरं चाललं होतं.

आम्ही एकाच इमारतीत राहतो. ती दोघं दुसऱ्या मजल्यावर, मी आणि आबा तिसऱ्या. आबा म्हणजे माझे वडील. मी लग्न केलं नाही, आबा माझ्याकडेच असतात. रात्रीचं जेवण झालं की आम्ही दोघं बाल्कनीत बसायचो. ते रेडिओ ऐकायचे, मी काहीतरी टाचत बसायची. बोलणं म्हणजे काय, "गोळी घेतली का?" आणि "हं." पण ते "हं" माझं होतं. त्यात वाटेकरी नव्हता.

आता सराईचं सांगते, कारण सगळं त्या सराईवरूनच झालं. आबांच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या पणजोबांनी, नदीच्या पुलापाशी दोन रस्ते मिळतात तिथे सराई बांधली होती. येणाऱ्याजाणाऱ्यांनी मुक्कामाला उतरायची जागा. घोडागाडीवाल्यांपासून ट्रकवाल्यांपर्यंत सगळ्यांनी तिथे पाठ टेकली. शेवटी शेवटी आबांनी ती चालवली. मग रस्ता रुंद झाला, सराई गेली. आता तिथे पेट्रोल पंप आहे, आणि गावाच्या इतिहासाच्या पुस्तकात सराईवर अर्धं पान आहे.

मी त्या सराईत जन्मले. ज्या खोलीला चुलीची भिंत लागून होती तिला आम्ही धुराची खोली म्हणायचो, तिथे. सराई गेली तेव्हा भाऊ आईच्या कडेवर होता, त्याला काडीचंही आठवत नाही. मला सगळं आठवतं. पाहुण्याचं जेवण झाल्याशिवाय त्याला नाव विचारायचं नाही, हा पणजोबांचा एक नियम. आणि दुसरा असा की घरच्यांना स्वतःची खोली नाही. जी रिकामी, तिच्यात झोपायचं. अपरात्री पाहुणा आला तर घरच्यांनी उठायचं आणि पलंग द्यायचा. भाऊ आईच्या कुशीत, त्याला काय फरक पडतो? मला आबा हलवून उठवायचे. मी उशी काखेत मारायची आणि चालू लागायची, पुढच्या रिकाम्या पलंगाकडे. कधी रडले नाही. "माझी पोर शहाणी आहे," आबा पाहुण्यांना सांगायचे. आजही मी पलंगाच्या अगदी कडेला झोपते, हाक मारली की पटकन उठता येतं. एका मोठ्या हॉटेलात चादरी-टॉवेलांचं खातं मी सांभाळते, तिथल्या पोरींना हे सांगितलं की त्या डोळे मोठे करून ऐकतात. सराईतली आहे मी, म्हणते मी त्यांना, तुमच्यासारखी लाडावलेली नाही.

तर सराई माझी. आबांनंतर तिच्यावर हक्क कुणाचा असेल तर तो माझा. हे भिंगवालीला ठाऊक नव्हतं असं मी मुळीच मानणार नाही.

गेल्या थंडीत भावाने तिला वाढदिवसाला एक गेम आणून दिला. त्यात माणसं बनवायची, त्यांना घरं बांधून द्यायची, मग ती माणसं आपली आपण जगतात. त्यांना भूक लागते, झोप येते, अंघोळ नाही केली तर अंगाला वास मारतो. आम्ही सगळे खाली जेवायला बसलो होतो तेव्हा ती म्हणाली, "ताई, तुमच्या सराईचा जिना कुठल्या बाजूला होता? गेममध्ये बांधून बघावी म्हणते."

मला इतकं हसू आलं की पाणी नाकात गेलं. "बाहुल्या खेळायचं वय आहे का हे तुझं?"

"बरं ताई," ती म्हणाली.

आता सांगा, तिने पुन्हा विचारायला नको होतं? आमच्या घरात असंच चालतं. पहिल्यांदा हसायचं, दुसऱ्यांदा नाक मुरडायचं, तिसऱ्यांदा सांगायचं. ही बया तिसऱ्यांदा काय, दुसऱ्यांदाही विचारायला तयार नाही. तिने मान वळवली आणि म्हणाली, "आबा, तुम्हाला आठवतंय?"

आबांनी हातातला घास खाली ठेवला. "डावीकडे," ते म्हणाले. "आणि मधली एक पायरी वाजायची. तिच्यावरून आम्हाला कळायचं कोण वर गेलं ते."

पायरी वाजायची! मला कधी सांगितलं होतं हे? मला ठाऊक होतं, पण त्यांनी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून आबांचं जेवण झटपट उरकायला लागलं. तोंड धुतलं की पायात चपला, आणि चालले खाली. मी बाल्कनीत एकटी. रेडिओ मी लावत नाही, मला त्याची खरखर आवडत नाही. खालच्या खिडकीतून आवाज यायचे. तिचे बारीक बारीक प्रश्न, आणि मग आबांचं बोलणं. लांबच लांब. मध्येच आबा हसायचे, मोठ्याने! माझ्याकडे इतकी वर्षं राहतात, मी त्यांच्या पथ्याचं रांधते, त्यांच्या सदऱ्याला गुंडी लावते, आणि हसायला जायचं खाली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. जळत होते मी, सरळ सांगते. त्यात लपवायचं काय?

कामावरच्या इस्त्रीवालीला मी हे सांगितलं. ती गरम इस्त्रीवर पाण्याचा हबका मारत म्हणाली, "म्हाताऱ्याला करमतंय ना? मग तुझं काय जातंय?"

"माझी सराई जातेय," मी म्हटलं.

"पेट्रोल पंप आहे ना तिथे?"

असल्या बाईला काय समजणार. मी तिच्याकडच्या चादरी मोजून घेतल्या आणि निघाले.

शेवटी राहवेना. एके संध्याकाळी आबांचा स्वेटर घेऊन मी खाली गेले, थंडी पडलीय म्हणून. दोघं टेबलाशी बसली होती, खुर्चीला खुर्ची लावून. स्क्रीनवर सराई उभी होती.

काय सांगू! दाराशी बाक, बाकाच्या वर घंटा. डावीकडे जिना. धुराच्या खोलीची भिंत काळी पडलेली, तीसुद्धा वरच्या बाजूला जास्त आणि खाली कमी, जशी होती तशी. अंगणात दोन गाडीवान गप्पा मारत होते. पणजोबा मिशा लावून दारात उभे होते, आणि बघता बघता ते अंगणात आले आणि एकटेच नाचायला लागले.

"हे असंच करतात," आबा डोळे पुसत म्हणाले. "आमचे आजोबा जन्मात नाचले नाहीत. इथे येऊन बघ काय चाललंय त्यांचं!"

मलाही डोळे पुसायचे होते. पण तिच्यासमोर रडू मी? शक्यच नाही. मी म्हटलं, "दाराचा रंग चुकलाय. निळा होता, हिरवा नाही."

तिने दोनदा टिचकी मारली, दार निळं झालं. "अजून काय चुकलंय ताई?" इतक्या मनापासून विचारलं की मला तिचा गळा धरावासा वाटला. वाद घालायचा की नाही जरा!

"हिरवाच होता आधी," आबा म्हणाले. "निळा नंतर दिला, ही झाल्यावर."

"मग निळाच राहू दे," ती म्हणाली. "ताईंच्या वेळची सराई असू दे."

मी स्वेटर खुर्चीवर टाकला आणि वर आले. माझ्याच सराईचा रंग मला दान करते!

मध्ये एक वेळ अशी आली की आबांचं खाली जाणं थांबलं. गुडघे दुखतात म्हणाले. मला तर आनंदाचं भरतंच आलं. रोज जेवणानंतर चहा केला, त्यांच्या पायावर शाल घातली. रेडिओसुद्धा लावला. ते ऐकत नव्हते. माझ्याकडे बघत बसायचे. एकदा मध्येच म्हणाले, "तुला झोप लागते ना गं नीट?"

"मला कुठेही झोप लागते," मी म्हटलं. "सराईत वाढलेली आहे मी."

"हं," ते म्हणाले. ते "हं" नेहमीचं नव्हतं, पण मी जिंकण्याच्या नादात होते. खाली काहीतरी बिनसलं असणार, असं मी धरून चालले. मग एके दिवशी जेवण झाल्यावर पुन्हा चपलांचा आवाज. गुडघे बिडघे सगळं बरं झालं होतं.

त्यानंतर माझ्या हाती घबाड लागलं. भावाकडे डबा परत द्यायला गेले होते. भिंगवाली आत भाजी चिरत होती, स्क्रीन तशीच उघडी. मी सहज वाकून बघितलं. वरच्या मजल्यावर, दारावरच्या घंटेच्या बरोबर वर येते त्या घंटेच्या खोलीच्या पुढे, एक पिवळं दार होतं. आत एक छोटा पलंग, एक खिडकी, भिंतीला खुंटी.

तिथे खोली नव्हतीच! तिथे नुसती भिंत होती, आणि भिंतीला टेकून शिडी. मी नीट डोळे फाडून बघितलं. पलंग पोरासोरांचा, म्हणजे खोली पाहुण्यांची नाही, घरच्यांपैकी कुणाची तरी. घरच्यांना खोली! आमच्या सराईत! ज्या गोष्टीवर सगळी सराई उभी होती तीच भिंगवालीला कळली नव्हती. आत जाऊन सांगावंसं वाटलं, पण मी जीभ चावली. रविवारी आत्या येणार होती, आबांची धाकटी बहीण, आणि तिच्याबरोबर तिचं सगळं घर. सराई बघायलाच येणार होते. तेव्हा चारचौघांत सांगायचं मी ठरवलं. तोपर्यंत तोंडाला कुलूप.

रविवारी भावाने गेम मोठ्या टीव्हीला जोडला. आत्याचं तोंड म्हणजे भोंगा. बाक दिसला तशी ओरडली, घंटा दिसली तशी ओरडली, धुराची खोली आली आणि घळाघळा रडायला लागली. मग उठून तिने भिंगवालीला मिठीच मारली. "ह्या घरची लेक शोभतेस गं तू!"

लेक ती. मग मी कोण? भाड्याने आणलेली?

"ती पिवळ्या दाराची खोली कुणाची आहे?" मी विचारलं. आवाज माझा मलाच मोठा वाटला.

सगळे टीव्हीकडे बघायला लागले. आत्याने नाक पुसलं. "खरंच की. ही नव्हती."

"नव्हतीच," मी म्हटलं. "घरच्यांना खोली नसायची, हे ह्या खोलीतल्या कुणालाही ठाऊक आहे, एका माणसाला सोडून. ज्याने सराई डोळ्यांनी पाहिली नाही, त्याने ती बांधायच्या भानगडीत पडू नये. उद्या म्हणाल आमच्या पणजोबांनी स्विमिंग पूल काढला होता!"

कुणी हसलं नाही. भाऊ म्हणाला, "ताई, अगं—" भिंगवालीचे कान लाल झाले होते. तिने आबांकडे बघितलं, मग खाली मान घातली. "चुकलं ताई," ती म्हणाली. "काढून टाकते."

"हात लावू नकोस," आबा म्हणाले.

त्यांचा हा आवाज मी सराई गेल्यापासून ऐकला नव्हता. तिचा हात माऊसवरून उठला.

"ती मी घालायला लावलीय," आबा म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते, टीव्हीकडे बघत होते. "हिने पहिल्यांदा सगळं बरोबर बांधलं होतं. मी सांगितलं तसं. घरच्यांना खोली नाही. मग एकदा गाडी भरून पाहुणे आले आणि सगळे पलंग भरले. आणि ती पोर..." त्यांनी बोट दाखवलं. अंगणात दोन वेण्यांची एक मुलगी बाकावर पाय हलवत बसली होती. ती कोण हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. "ती वर बोळात उभी. डोक्यावर पलंगाचं चित्र. मी विचारलं, ही काय करतेय? तर ही म्हणाली, झोप आलीय तिला, जागा शोधतेय. एका दाराशी जाते, परत येते. दुसऱ्या दाराशी जाते, परत येते. आजोबा खाली नाचतायत. आणि मी, म्हणजे गेममधला तो मी, पाहुण्याची पेटी उचलून तिच्या शेजारून गेलो. शेजारून. बघितलंही नाही."

आत्याने हातातला रुमाल मांडीवर ठेवला.

"मग मला ते बघवेना. चार दिवस आलोच नाही इथे." आबांनी आता माझ्याकडे बघितलं. "तू रडायची नाहीस ना. मला वाटायचं, तुला चालतं."

मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं की चालायचं मला, त्यात काय, मी शहाणी होते. पण तेवढ्यात टीव्हीवर संध्याकाळ झाली आणि ती मुलगी बाकावरून उठली. जिना चढली. घंटेच्या खोलीपुढून गेली, तिने पिवळं दार उघडलं आणि पलंगावर आडवी झाली. मधोमध, हातपाय पसरून. कडेला नाही.

आयुष्यात मी पुष्कळांवर जळले आहे. शाळेत मैत्रिणींवर, कामावर मॅनेजरीणबाईंवर, हे सगळे महिने भिंगवालीवर तर विचारूच नका. पण त्या पोरीचा वाटला तसा हेवा मला कुणाचा वाटला नाही. मी एवढी मोठी बाई, केस पांढरे झालेले, आणि एका बाहुलीवर जळत होते. तिला मिळाली. मला का नाही मिळाली?

समोरचं सगळं धूसर झालं होतं. भिंगवाली केव्हा उठून आली कळलं नाही. तिने माझा चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. कसं दिसतंय ते मात्र या वेळी विचारलं नाही.

"त्या दाराला कुलूप लागतं का तुझ्या गेममध्ये?" मी विचारलं.

"लागतं ताई. कुणाला आत सोडायचं तेही ठरवता येतं."

"मग लाव. तिच्याशिवाय कुणी नको."

"पाहुणे?"

"अजिबात नको. एकही नाही."

"पणजोबा?"

"ते नाचू देत खाली."

तिने माऊसवर बोट ठेवलं. "आणि आबा?"

आबा माझ्या शेजारीच बसले होते. मी मान वळवली नाही. "आबाही नकोत," मी म्हटलं.

तिने टिचकी मारली. थोड्या वेळाने तो तरुण आबा कुणाची तरी पेटी पोचवून बोळातून परत आला आणि पिवळ्या दाराशी थांबला. दार उघडेना. त्याने दोन्ही हात वर केले, डोकं खाजवलं, पुन्हा दार ओढलं आणि तिथेच उभा राहिला.

"उघडू का ताई?" भिंगवालीने हळूच विचारलं.

"राहू दे उभा," मी म्हटलं. "पोर झोपलीय."

आबांनी आपली खुर्ची माझ्या खुर्चीजवळ ओढली.

"थांबतो की," ते म्हणाले. "मला कुठे जायचंय."